मसुद्यावर सही

साहित्य मंडळाच्या चिटणिसाला सह्या कशावर कराव्या लागतात? हजेरीपट, चहा-बिस्किटांचं बिल, पाहुण्यांच्या रिक्षाचं भाडं. यंदा त्यात एक वेगळा कागद आला. बीसीएच्या शेवटच्या वर्षातल्या दोघांनी 'बोलका अंक' नावाचा प्रकल्प मांडला होता. आपला ई-अंक मोठ्याने वाचून दाखवणारं आणि कुणी मराठीत बोललं तर ते लिहून घेणारं संकेतस्थळ. खर्च मंडळाच्या निधीतून होणार म्हणून तीन सह्या हव्या होत्या: संगणक विभागाच्या सरांची, आमच्या मॅडमची आणि माझी. सरांनी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'यातला मुख्य भाग ज्या प्रमाणकावर उभा आहे ते अजून पूर्ण झालेलं नाही. मंजुरी द्यावी का?'

मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी. प्रमाणक म्हटलं की मला प्रमाणभाषा आठवते, शुद्धलेखनाचे नियम आठवतात. पण सही माझी होती. मग आठवडाभर लायब्ररीच्या कोपऱ्यातल्या संगणकावर बसून मी हे प्रकरण समजून घेतलं. जे समजलं ते इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न फक्त बीसीएवाल्यांचा नाही असं मला आता वाटतं.

आधी प्रमाणक म्हणजे काय ते. ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या वेगवेगळ्या, फोन वेगवेगळे, तरी एकच पान सगळीकडे उघडतं. कारण पानाची भाषा कशी असावी, हे सगळ्यांनी मिळून ठरवून लिहून ठेवलेलं असतं. वेबच्या बाबतीत हे काम मुख्यतः वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम, म्हणजे डब्ल्यूथ्रीसी ही संस्था करते. इंटरनेटवरून माहिती कशी वाहावी, हे आयईटीएफ नावाची दुसरी मंडळी ठरवतात. एखादी कल्पना आली की लगेच नियम होत नाही. आधी मसुदा, मग सुधारलेला मसुदा, मग 'उमेदवार' दर्जा, आणि शेवटी शिफारस. यात वर्षं जातात.

आयईटीएफच्या मसुद्याची एक गोष्ट मला फार आवडली. तिथला मसुदा जास्तीत जास्त सहा महिने जिवंत असतो. तेवढ्यात नवी आवृत्ती आली नाही तर तो बाद. आणि प्रत्येक मसुद्याच्या पहिल्याच पानावर तो स्वतःबद्दल बजावतो की माझा संदर्भ 'काम चालू आहे' याखेरीज दुसऱ्या कोणत्याही नात्याने देऊ नका. आमच्याकडे टर्मपेपरमध्ये मित्राच्या अप्रकाशित निबंधातला उतारा घातला तर मॅडम तांबड्या शाईने विचारतात, 'हे कुठे छापून आलंय?' तोच प्रश्न इथे मसुदा स्वतःच विचारतो.

मग सरळ नियम करावा का, की अपुऱ्या प्रमाणकावर उभा असलेला एकही प्रकल्प मंजूर करायचा नाही? पहिल्या दिवशी मलाही तेच बरोबर वाटत होतं. पण मग २०२० आठवलं.

आमची बॅच म्हणजे कोरोनातली एसएसएलसी. मास्क लावून, हाताला सॅनिटायझर चोळून दिलेली परीक्षा. त्यानंतर पीयूसीचं पहिलं वर्ष जवळजवळ सगळं फोनच्या पडद्यावर. बाबांचा फोन, त्याच्या काचेला तडा, आणि त्या तड्यापलीकडे अर्थशास्त्राचे सर. ब्राउझरमधून चालणारे असे व्हिडिओ वर्ग ज्या तंत्रावर चालतात त्याला वेबआरटीसी म्हणतात. गूगलने त्याचा कोड २०११ मध्ये सर्वांसाठी खुला केला. २०१३ च्या फेब्रुवारीत क्रोम आणि फायरफॉक्स हे दोन वेगळे ब्राउझर एकमेकांशी थेट बोलू लागले. आणि प्रमाणक पूर्ण कधी झालं? २६ जानेवारी २०२१ ला. आपल्या प्रजासत्ताक दिनी! म्हणजे त्याआधीचे सगळे वर्ग, सगळ्या तोंडी परीक्षा आणि आमच्या चर्चमधल्या गायनमंडळाच्या ऑनलाइन तालमीसुद्धा, कागदोपत्री पाहिलं तर 'काम चालू आहे' या अवस्थेतल्या वस्तूवर झाल्या. कुणीतरी कुठेतरी अपुऱ्या मसुद्यावर सही केली होती, म्हणून माझं वर्ष वाचलं.

आयईटीएफच्या बाजूला तर आणखी मजा होती. वेबआरटीसीसाठी लागणारे डझनावारी दस्तऐवज एकमेकांचे हात धरून रांगेत उभे होते. त्यांच्याकडे नियम असा की एखादा दस्तऐवज तयार झाला, मंजूरही झाला, तरी तो ज्याच्यावर टेकलेला आहे तो दस्तऐवज पूर्ण झाल्याशिवाय छापायचा नाही. त्यामुळे काही मंजूर दस्तऐवज वर्षानुवर्षं नुसते थांबून होते, शेजाऱ्याचं आटपायची वाट बघत. लग्नाच्या पंगतीत शेवटचा पाहुणा बसेपर्यंत कुणी घास उचलायचा नाही, तसं.

याच नियमात मला पहिली उपयोगी गोष्ट सापडली. ते लोक संदर्भांचे दोन प्रकार करतात. एक, ज्याच्याशिवाय आपली वस्तू उभीच राहत नाही असा आधार. दुसरा, वाचकाला अधिक माहिती मिळावी म्हणून दिलेला उल्लेख. अपुऱ्या मसुद्याचा नुसता उल्लेख असेल तर अडत नाही. आधार असेल तर अडतं. म्हणजे 'मसुदा आहे का?' हा प्रश्न अर्धा आहे. 'मसुदा काढून घेतला तर काय पडेल?' हा पुरा प्रश्न.

दुसरी गोष्ट वायफायच्या इतिहासात मिळाली. ८०२.११एन नावाचं वायफायचं प्रमाणक सप्टेंबर २००९ मध्ये मंजूर झालं. पण त्याच्या दुसऱ्या मसुद्यावर बेतलेल्या उपकरणांना वायफाय अलायन्सने जून २००७ पासूनच प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे दोन वर्षं आधी. ते चाललं, कारण वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी नीट बोलतात की नाही हे तपासून मग शिक्का मारला जात होता, आणि मसुद्याचा गाभा तोवर बराचसा स्थिरावला होता.

तिसरी गोष्ट उलट्या बाजूची. वेब एसक्यूएल नावाचं एक तंत्र होतं, ब्राउझरच्या आत माहिती साठवण्यासाठी. क्रोम, सफारी आणि ऑपेरा या तिघांनीही ते स्वीकारलं. तीन मोठे ब्राउझर म्हणजे काम फत्ते, असं कुणालाही वाटेल. पण डब्ल्यूथ्रीसीने २०१० मध्ये त्यावरचं काम थांबवलं. कारण तिघांच्याही पोटात एकच इंजिन होतं, एसक्यूलाइट. तीन ब्राउझर दिसत होते, पण साक्ष एकाचीच होती. फायरफॉक्सने ते कधी घेतलंच नाही, आणि पुढे क्रोमनेही काढून टाकलं. ज्यांनी आपलं काम त्यावर उभं केलं होतं त्यांना घर बदलावं लागलं.

हे वाचलं आणि मला आमचा पाठचिकित्सेचा तास आठवला. एकाच पोथीवरून उतरवलेल्या दहा पोथ्या हाती आल्या, तरी त्या दहा साक्षी होत नाहीत, एकच होते. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, कारण तोवर पाठांची सरमिसळ झाली होती. प्रत किती ठिकाणी आहे यापेक्षा ती कुठून आली हे पाहायचं असतं. संगणकाच्या लोकांनाही हे वेगळ्या वाटेने कळलेलं आहे. म्हणूनच डब्ल्यूथ्रीसीमध्ये शिफारशीचा दर्जा देण्याआधी साधारणपणे निदान दोन स्वतंत्र अंमलबजावण्या दाखवाव्या लागतात.

पण इथेच गंमत आहे. अंमलबजावणी हवी, म्हणजे पूर्ण होण्याआधी कुणीतरी मसुदा वापरून पाहिलेला हवा. सगळ्यांनीच 'पूर्ण झाल्यावर बघू' म्हटलं, तर काहीही कधीच पूर्ण होणार नाही. तेव्हा मसुद्यावर काम करणारे सगळे उतावळे नसतात. ती वाट कुणीतरी आधी चालावीच लागते. फक्त आपण वाट पाडायला निघालोय की आजीला हात धरून देवळात न्यायला, हे आधी ठरवायला हवं.

आता 'बोलका अंक'. बोललेलं लिहून घेण्यासाठी त्या दोघांनी वेब स्पीच एपीआय वापरलं होतं. त्याचा मूळ अहवाल २०१२ चा, तोही डब्ल्यूथ्रीसीच्या एका सामुदायिक गटाचा. असा अहवाल म्हणजे प्रमाणक नव्हे, हे त्या अहवालातच नमूद असतं. क्रोममध्ये हे चालतं, मराठीतही चालतं. पण तिथे साधारणपणे आपला आवाज कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून अक्षरं परत येतात. फायरफॉक्समध्ये बोललेलं ओळखण्याचा हा भाग सरळ उपलब्ध नाही. म्हणजे आधार एका मसुद्याचा, आणि तोही मुख्यतः एका घरचा.

प्रकल्पाच्या अर्जात दोन कारणं दिली होती. एक, मंडळात एक ज्युनिअर आहे, त्याला दिसत नाही. छान कविता करतो. दुसरं, खानापूर तालुक्यातल्या गावांमधून जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या आहेत. ज्या आज्यांना त्या येतात त्यांना लिहिता येत नाही, आणि त्या आज्या दरवर्षी कमी होत चालल्या आहेत. या दुसऱ्या कारणापुढे 'प्रमाणक पूर्ण होऊ दे' म्हणणं मला जड जात होतं. बीसीएचा मुलगा बैठकीत म्हणालाच, "अक्का, ते स्टँडर्ड दहा वर्षांनी येईल. आज्या थांबणार आहेत काय?"

सर शांतपणे म्हणाले, "आणि उद्या ते बंद पडलं, तर आज्यांना परत बोलावणार आहेस का?"

दोघांचंही बरोबर होतं. म्हणूनच निर्णय अवघड होता.

मग आम्ही करून पाहिलं. माझ्या आजीला माईकसमोर बसवलं. ती आपल्या बेळगावी बोलीत म्हणाली, "काय करायलीयस गं?" पडद्यावर उमटलं, 'काय करायला लागलीस ग'. मंडळी हसली. मला मात्र हसू आलं नाही. यंत्राने चूक केली असती तर ती दिसली तरी असती. त्याने तर आजीचं मराठी प्रमाणभाषेत बसवून दिलं होतं, कुणी न सांगता. ओवीत असं झालं तर शब्दाबरोबर लयही जाईल, आणि दहा वर्षांनी कुणाला कळणारही नाही की आजी वेगळं म्हणाली होती.

तेव्हा पहिली अट आपोआप ठरली. मूळ आवाज साध्या ध्वनिफितीत आपल्याकडे राहील. यंत्राने काढलेला मजकूर हा कच्चा उतारा, तो आमच्यापैकी कुणीतरी आवाज ऐकत ऐकत दुरुस्त करील. मसुदा उद्या नाहीसा झाला तरी आवाज राहतो. ओवीचा आधार आवाज. यंत्र नुसतं मदतीला.

इथे मला एक जुनं उदाहरण आठवलं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण गोव्यात रायतूरला १६१६ मध्ये छापलं गेलं. भाषा मराठी, पण लिपी रोमन. हाताशी जी छपाई होती तिच्यावर काम भागवलं गेलं. पुढे तेच काव्य देवनागरीतही आपल्या हाती आलं. लिपी बदलली, काव्य राहिलं. आपलं काम ज्या साधनावर उभं आहे त्यातून ते सुटं करून दुसऱ्यावर ठेवता आलं पाहिजे, एवढं जरी साधलं तरी पुष्कळ झालं.

आणि हे साधलं नाही तर काय होतं, तेही आपल्या कपाटातच आहे. मंडळाचे काही जुने अंक सीडीवर आहेत, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडले की नुसती चित्रविचित्र चिन्हं. त्या काळी प्रत्येक फॉन्टची आपापली अंतर्गत मांडणी असायची. युनिकोड आल्यावरही सगळं एका दिवसात सुरळीत झालं नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. महाराष्ट्र शासनाचा वर्णमालेबद्दलचा निर्णय २००९ चा. त्याआधी लोक 'अ' वर चंद्र ठेवून काम भागवत होते, आणि अजूनही काही जण तसंच टाइप करतात. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी वाटतात. एका रूपात शोधलं तर दुसऱ्या रूपातला लेख सापडत नाही. पण युनिकोडने एक वचन दिलेलं आहे. एकदा दिलेलं अक्षर ते काढून घेत नाहीत. माझ्या मते प्रमाणक आणि मसुदा यांत खरा फरक हाच. प्रमाणक परिपूर्ण असतं असं नाही. ते शब्द पाळायला बांधलेलं असतं.

आता त्या ज्युनिअरबद्दल. अर्जात त्याचं कारण होतं, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं. सिस्टरनी बैठकीत तेवढंच एक सुचवलं, "त्याला बोलवा, त्यालाच विचारा." तो आला. माईकबद्दल म्हणाला, "अक्का, मला टाइप करता येतं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड पाठ आहे. कविता मी बोलून नाही लिहू शकत. ओळ कुठे तोडायची ते बोटांना कळतं." मग त्याने कानाला इअरफोन लावून संकेतस्थळाचा नमुना आपल्या स्क्रीन रीडरने उघडला, आणि आम्हाला ऐकवला. एकेका बटणावर आवाज येत होता, "बटण... बटण... बटण." कोणतं बटण कशाचं, ते काही नाही. बटणांना नावंच दिलेली नव्हती.

दृष्टिहीनांना पान वाचता यावं यासाठी डब्ल्यूथ्रीसीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांची २.० ही आवृत्ती २००८ मध्येच शिफारस झाली, आणि तेव्हापासून सुधारत सुधारत २०२३ मध्ये २.२ आली. हे पूर्ण झालेलं प्रमाणक आहे. बटणाला नाव द्या, ही त्यातली अगदी प्राथमिक गोष्ट. आम्ही सगळे अपुऱ्या प्रमाणकावर तासन्‌तास वाद घालत बसलो होतो, आणि ज्याच्या नावाने प्रकल्प मांडला त्याला हवं ते प्रमाणक पंधरा वर्षांहून अधिक काळ तयार होऊन पडलेलं होतं. खोलीत काही क्षण कुणी बोललं नाही. मग बीसीएचा मुलगा उठला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला. त्या संध्याकाळी दोघांनी मिळून सगळ्या बटणांना नावं दिली.

जाता जाता तो आणखी एक म्हणाला, ते मी वहीत लिहून ठेवलं. "सुरू करा, पण बंद करणार असाल तर आधी सांगा. सवय झाल्यावर काढून घेतलेलं मला नको." त्याला पूर्वी एका वाचन-ॲपची सवय झाली होती. एके दिवशी ते नव्या रूपात आलं आणि त्याचा स्क्रीन रीडर त्यात मुका झाला. कुणी कळवलंही नव्हतं.

मित्रमैत्रिणींनो, आपण बेळगावची माणसं. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्याआधीची १९५६ पासूनची कहाणी घराघरांत माहीत आहे. तरी कुणी घर बांधायचं थांबलं नाही, शाळा थांबल्या नाहीत, हे मंडळ थांबलं नाही. न ठरलेल्या गोष्टीवर राहायची आपल्याला सवय आहे. पण माझे आजोबा जसे घराची सगळी कागदपत्रं एका पत्र्याच्या पेटीत, हाताला लागतील अशी ठेवायचे, तशी तयारी मात्र हवी.

शेवटी मी सही केली. सरांनीही केली, मॅडमनीही. अटी अशा: कोणत्या मसुद्याची कोणत्या तारखेची आवृत्ती वापरली ते लिहून ठेवायचं. अंकाचा मजकूर युनिकोडमध्ये आणि साध्या पानांवर, म्हणजे पूर्ण प्रमाणकांवरच. माईकचा भाग एका जागी वेगळा, तो काढला तरी बाकी सगळं चालू राहील असा. बोलणाऱ्याला आधी सांगायचं की आवाज बाहेर जातो, आणि तिची हरकत असेल तर नुसती ध्वनिफीत घ्यायची. काही बंद करायचं झालं तर निदान एक महिना आधी जाहीर करायचं, आणि त्या ज्युनिअरला सगळ्यात आधी. दर सत्राच्या सुरुवातीला पुन्हा तपासणी.

आतापर्यंत सात ओव्या आल्या आहेत. सातही आज्यांच्या आवाजात, सातही हाताने दुरुस्त केलेल्या.

पुढची तपासणी नव्या सत्रात आहे. तोवर माझं शेवटचं वर्ष संपलेलं असेल आणि बीसीएचे ते दोघंही गेलेले असतील. तेव्हा पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या कुणीतरी पुढे यावं. संगणक येत नसला तरी चालेल, मला तरी कुठे येत होता? ध्वनिफीत ऐकून 'करायलीयस' हे 'करायलीयस'च लिहायची चिकाटी हवी, आणि मसुद्याचं काय झालं ते अधूनमधून बघायची. नाव मॅडमकडे द्या. अटींचा कागद मंडळाच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, निळ्या फाइलमध्ये आहे.